बोट केव्हा येणार?

इंडोनेशियाच्या बांदा समुद्रातील रून बेटाचे नाव निघाले की पाठोपाठ मॅनहॅटनचे नाव निघतेच. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी या जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या बेटावरील आपला दावा सोडला आणि न्यू ॲम्स्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांच्याच ताब्यात राहिले. जायफळाला त्या काळी तेवढे मोल होते. गोष्ट चटकदार आहे, आणि चटकदार गोष्टींचा तोटा हा की ऐकणारा तिथेच थांबतो. पर्यटकांसाठी लिहिलेल्या लेखांत रूनचा इतिहास १६६७ ला संपतो आणि त्यानंतर थेट प्रवाळ आणि निळे पाणी सुरू होते. मधल्या साडेतीनशे वर्षांत तिथे कोण राहिले आणि आज तिथे राहणाऱ्या माणसापुढे काय वाढून ठेवले आहे, हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही.

तो प्रश्न एकट्या रूनचा नाही. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या या देशात निम्म्याहून जास्त लोकसंख्या एका जावा बेटावर एकवटलेली आहे, आणि पूर्वेकडील मालुकू, नुसा तेंगारा, पापुआ या भागांतील शेकडो लहान बेटांवरील गावे सरकारी भाषेत ‘मागास, सीमेवरची, टोकाची’ म्हणून ओळखली जातात. मालुकू प्रांतात २०२३ मध्ये दारिद्र्याचे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर होते, तर संपूर्ण देशाचे ९ टक्क्यांच्या थोडे पुढे. या तफावतीचे ठरीव स्पष्टीकरण म्हणजे अंतर: गावे दूर आहेत, म्हणून मागे आहेत. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. अंतर ठाऊक असले की माणूस त्याचा हिशेब बसवू शकतो. हिशेब बसत नाही तो अनिश्चिततेचा. बोट, बर्फ, शिक्षक, डिझेल आणि गिऱ्हाईक यांपैकी काय केव्हा येईल आणि येईल की नाही, याचा भरवसा नसणे हे या गावांच्या दारिद्र्याचे मुख्य कारण आहे, आणि एकेका भव्य योजनेने ते दूर होत नाही.

जायफळाचेच उदाहरण घेऊ. बांदाच्या बेटांवर जायफळाची झाडे केनारीच्या उंच वृक्षांच्या सावलीत वाढतात. फळ पिकून उकलले की लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या छोट्या टोपलीने ते उतरवतात. कोकणात आंबे उतरवायला झेला वापरतात, त्याच जातीचे हे साधन. मग गर बाजूला काढून लालभडक जायपत्री अलगद सोडवायची, ती उन्हात वाळवायची आणि कवचीतले जायफळ मंद धुरावर कित्येक दिवस सुकवत ठेवायचे. काम जड नाही, पण चिकाटीचे आहे आणि त्यात घरातील बायकामुले सगळीच असतात. वाळवण नीट झाली नाही किंवा वाळलेला माल दमट हवेत पडून राहिला तर बुरशी धरते, आणि बुरशीतून तयार होणाऱ्या ॲफ्लाटॉक्सिनमुळे युरोपीय संघाने इंडोनेशियन जायफळावर तपासणीची कडक बंधने घातलेली आहेत. बासुंदीवर किसून घालायला आपण एक जायफळ उचलतो, तेव्हा ते कुठल्या धुरावर सुकले आणि कुठल्या धक्क्यावर किती दिवस तिष्ठले, याचा विचार करण्याचे आपल्याला कारण पडत नाही. उत्पादकाला मात्र त्या तिष्ठण्याची किंमत मोजावी लागते.

अशा वेळी गावात येतो तो संकलक व्यापारी. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि विकासाच्या अहवालांत ते सर्रास केले जाते. पण तो काय विकत घेतो ते पाहिले पाहिजे. शेतकऱ्याला मालुकूची राजधानी अंबॉनचा किंवा जावातील सुराबायाचा भाव हल्ली फोनवर कळू शकतो. भाव कळला म्हणून माल तिथे पोहोचत नाही. बोट या आठवड्यात येईल की पुढच्या, ती आली तर तिच्यावर जागा मिळेल का, आणि तोवर माल कोरडा राहील का, ही सगळी जोखीम व्यापारी आपल्या अंगावर घेतो आणि तिचा मोबदला म्हणून भाव पाडतो. त्याखेरीज तो तांदूळ, साखर, शाळेची फी यांसाठी उचल देतो आणि ती उचल पुढच्या तोडणीतून वळती करून घेतो. या व्यवहारात शेतकरी नाडला जातो हे खरे, पण अडाणीपणामुळे नव्हे. बेभरवशाच्या वाहतुकीत आजचा कमी भाव पदरात पाडून घेणे हाच शहाणपणा ठरतो. त्याला बाजारभावाचे प्रशिक्षण देणारी शिबिरे भरवण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

मासेमारीचेही तेच. बांदा समुद्र पिवळ्या परांच्या ट्यूनासाठी प्रसिद्ध आहे आणि इथले छोटे मच्छीमार हातदोरीने, एकेक मासा करून तो पकडतात. याच मालुकूतील हातदोरीच्या ट्यूनाला २०१४ मध्ये अमेरिकेतील ‘फेअर ट्रेड’ प्रमाणपत्र मिळाले, आणि त्या पद्धतीत सागरी मासळीला असे प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिली वेळ होती. म्हणजे कसब आहे आणि जगात गिऱ्हाईकही आहे. परंतु निर्यातीच्या प्रतीचा ट्यूना बर्फाशिवाय काही तासांत साधा मासा होतो, आणि बर्फाला वीज लागते. अनेक लहान बेटांवर वीज येते ती डिझेलच्या जनित्रावर, संध्याकाळचे काही तास, आणि डिझेल असेल तेव्हा. मग मासा खारवून वाळवायचा, तो स्वस्तात विकायचा, आणि सरकारी आकडेवारीत ‘कमी उत्पादकता’ म्हणून नोंदले जायचे.

समुद्र या भागात कधी बंद असतो हे तिथल्या माणसाला कॅलेंडरसारखे पाठ आहे. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा मोसम आणि जून ते ऑगस्ट पूर्वेचा. त्या दिवसांत लाटा उसळतात आणि अंबॉनहून बांदा नैराला, म्हणजे या बेटांच्या मुख्य गावाला, येणारी जलद बोट बंद पडते. सरकारी पेलनी कंपनीचे मोठे जहाज पंधरवड्यातून मोजक्या वेळा नैराला लागते आणि तिथून रूनला जायला लहान लाकडी बोट. डझनभर आसनांचे विमान आहे, पण ते हवामानाच्या आणि नव्या कंत्राटाच्या मर्जीवर उडते. मोसमातील खंड निसर्गाचा आहे, तो कुणी टाळू शकत नाही, आणि लोक त्याची बेगमी करतातच. त्रास होतो तो मोसम शांत असतानाही वेळापत्रक ऐनवेळी बदलते तेव्हा.

२०१५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांच्या सरकारने ‘सागरी महामार्ग’ ही योजना सुरू केली. अनुदानित मालवाहू जहाजे ठरलेल्या मार्गांवर फिरतील आणि पूर्वेकडील वस्तूंचे भाव जावाच्या जवळ येतील, असा तिचा हेतू होता. योजना चांगली होती आणि तिने अनेक बंदरांना पहिल्यांदाच नियमित खेप मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे. तिची दुखणीही पहिल्या वर्षापासूनची आहेत: जहाजे सिमेंट, तांदूळ, बिस्किटे घेऊन भरलेली येतात आणि परतताना बहुतांशी रिकामी जातात, आणि भाड्यातील सवलत वाटेतल्या व्यापाऱ्यांपाशी अडकल्याने शेवटच्या दुकानातील भाव फारसा उतरत नाही, अशी तक्रार आहे. परतीचा माल नाही असे सरकार म्हणते. माल आहे, तो कोरडा ठेवायला गोदाम नाही, गोठवायला वीज नाही आणि मोठ्या जहाजापर्यंत नेणारी छोटी बोट वेळेवर नाही. महामार्ग बांधायचा आणि गावाचा फाटा मात्र बैलगाडीच्या भरवशावर सोडायचा, असा हा प्रकार झाला.

मालावरून माणसांकडे वळू. बांदाची बेटे मध्य मालुकू जिल्ह्यात येतात आणि त्या जिल्ह्याचे मुख्यालय मासोही हे सेराम बेटावर आहे. रूनच्या एखाद्या बाईला जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहावे लागले तर तिने आधी नैरा गाठायचे, तिथून रात्रभराच्या जहाजाने अंबॉन, अंबॉन बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील तुलेहूहून सेरामची बोट, आणि मग मासोही. एका सहीशिक्क्यासाठी तीन समुद्रप्रवास, आणि साहेब दौऱ्यावर असतील तर मुक्काम. नकाशावर हे अंतर काही शे किलोमीटर भरेल. त्याला आठवडाभराचे अंतर करून ठेवले आहे ते प्रशासनाच्या रचनेने. मालुकूसह आठ द्वीपप्रांतांची मागणी आहे की निधी वाटताना लोकसंख्या आणि जमीन यांच्याबरोबर समुद्राचाही नीट हिशेब धरावा, कारण त्यांचा बहुतेक प्रदेश पाणीच आहे. त्यासाठीचे द्वीपप्रदेशांचे विधेयक मात्र जाकार्ताच्या संसदेत वर्षानुवर्षे रखडले आहे.

गावांना पैसा मिळाला नाही, असे नाही. २०१४ चा ग्रामकायदा हा इंडोनेशियाच्या अलीकडच्या इतिहासातील खरोखर मोठा कायदा आहे. सुमारे ७५ हजार गावांना केंद्राकडून थेट निधी देण्याची ही व्यवस्था २०१५ पासून सुरू झाली आणि २०२४ पर्यंत ती वर्षाला ७१ लाख कोटी रुपियांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने ३७ हजार कोटी रुपयांच्या आसपास पोहोचली. गावामागे सरासरी पन्नास लाख रुपये, आणि ते कसे खर्चायचे हे ग्रामसभेने ठरवायचे. लहान बेटांवर आज दिसणाऱ्या काँक्रीटच्या पायवाटा, समुद्राला अडवणारे बांध आणि धक्के यांपैकी बरेच काही या पैशातून झाले आहे. परंतु सुरुवातीच्या वर्षांत या निधीचा ९० टक्के हिस्सा सर्व गावांना सारखा वाटला गेला, जणू जावातल्या रस्त्याकडेच्या गावात आणि रूनमध्ये सिमेंटची गोणी एकाच भावात मिळते. आणि निर्णयाचा अधिकार म्हणाल तर २०२२ मध्ये केंद्राने फर्मान काढले की किमान ४० टक्के रक्कम रोख मदतीला, २० टक्के अन्नसुरक्षेला आणि ८ टक्के कोविडला खर्चली पाहिजे. महासाथीत हेतू समजण्यासारखा होता. तरी ६८ टक्के खर्च राजधानीतून ठरल्यावर ग्रामसभेने उरलेल्यात कसली चर्चा करायची? गावची एखादी बोट चालवणे, तिच्या इंजिनाची डागडुजी, तांडेलाचा पगार, या गोष्टी अशा चौकटीत बसत नाहीत, कारण त्यांची फीत कापता येत नाही.

फीत कापण्याचा हा सोस सर्वत्र आहे. २०१० मध्ये ‘सेल बांदा’ नावाचा मोठा सोहळा झाला, राष्ट्राध्यक्ष अंबॉनला आले आणि मालुकू हे राष्ट्राचे मत्स्यकोठार होईल अशी घोषणा झाली. पुढे त्यासाठी आखलेले नवे बंदर कागदावरच राहिले. दुर्गम भागांत मोबाइल मनोरे उभारण्याच्या प्रकल्पाचे तर विचारूच नका. त्यातील भ्रष्टाचाराने सरकारचे सुमारे ८ लाख कोटी रुपियांचे, म्हणजे चार हजार कोटी रुपयांहून जास्त नुकसान झाल्याचा ठपका ठेवला गेला आणि २०२३ मध्ये दूरसंपर्क खात्याच्या मंत्र्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ते मंत्री स्वतः फ्लोरेस बेटाचे, म्हणजे अशाच दुर्लक्षित पूर्वेचे. आपला माणूस सत्तेत गेला की आपले भले होईल, या समजुतीला इतका रोकडा जबाब क्वचितच मिळत असेल.

आता नवे वारे सहकाराचे आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी ‘लाल-पांढऱ्या’ ग्रामसहकारी संस्थांचे उद्घाटन केले: एका दमात ८० हजार संस्था, प्रत्येकीला सरकारी बँकांकडून ३०० कोटी रुपियांपर्यंत, म्हणजे साधारण दीड कोटी रुपयांपर्यंत कर्ज, आणि ते फिटले नाही तर गावाच्या निधीतून वसुली. गोदाम, शीतगृह, औषधाचे दुकान हे सगळे त्या आराखड्यात आहे, आणि बेटांवरच्या गावांना नेमके तेच हवे आहे. मग हरकत कशाला? हरकत आहे ती संस्था वरून खाली उतरते याला. सहकार म्हणजे काय आणि सहकाराच्या पाटीमागे काय काय चालते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मालुकूच्या शेतकऱ्यालाही ते सांगावे लागत नाही, कारण त्याने लवंगेचा मक्ता पाहिला आहे. १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या धाकट्या मुलाच्या हाती लवंगेच्या खरेदीचा एकाधिकार देण्यात आला. शेतकऱ्याने लवंग विकायची ती सरकारी ग्रामसहकारी संस्थेलाच, आणि आधारभावातून सक्तीच्या ठेवी कापून जे उरेल ते घ्यायचे. लवंगेचा साठा तुंबला, भाव कोसळला, झाडे तोडा असा सल्ला देण्यापर्यंत मजल गेली, आणि अनेकांनी तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून बागा तशाच सोडून दिल्या. १९९८ मध्ये नाणेनिधीच्या दडपणाखाली तो मक्ता मोडला. तेथील सहकारी संस्थेचा फलक त्या काळात शेतकऱ्याचा नव्हता, मक्तेदाराचा होता.

यातला विरोधाभास बांदापासून फार दूर नाही. डच सरकारने मोहम्मद हाट्टा आणि सुतान शाहरिर यांना १९३६ मध्ये बांदा नैरालाच हद्दपार केले होते, आणि १९४२ पर्यंत ते दोघे तिथल्या मुलांना शिकवत राहिले. जगापासून तोडण्यासाठी निवडलेली ती जागा होती. तेच हाट्टा पुढे स्वतंत्र देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५३ मध्ये त्यांना ‘सहकाराचे जनक’ ही उपाधी मिळाली. त्यांचा सहकार सभासदांच्या स्वावलंबनातून उभा राहणारा होता. एका तारखेला ८० हजार संस्था जन्माला घालणे त्या विचारात बसत नाही, मग भाषणात हाट्टांचे नाव कितीही वेळा येवो. बांदाच्या एखाद्या गावात दहा-वीस जायफळवाल्यांनी मिळून वाळवणीची एक खोली चालवली आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला, तर ती छोटी संस्था टिकण्याची शक्यता मला कर्जाने बांधलेल्या आणि रिकाम्या पडलेल्या गोदामापेक्षा जास्त वाटते.

गावे असे काही चालवू शकतात का, ही शंका शहरात बसून घेतली जाते. मालुकूत ‘सासी’ नावाची जुनी प्रथा आहे. ठरावीक काळ समुद्राचा एखादा भाग, नदीचे मुख किंवा नारळी-जायफळाची बाग बंद ठेवायची, त्या काळात कुणीही हात लावायचा नाही, आणि पूर्ण वाढ झाल्यावर गावाने मिळून ती उघडायची. हारुकू बेटावर नदीत येणाऱ्या लोंपा या छोट्या माशासाठी अशी सासी पाळली जाते; तिच्यावर देखरेख करणाऱ्या ‘केवांग’ मंडळाला १९८५ मध्ये सरकारचा काल्पतारू पर्यावरण पुरस्कार मिळाला. मासा कधी धरायचा आणि कधी नाही, हे सगळ्या गावाने पाळायचे आणि मोडणाऱ्याला दंड करायचा, यासाठी लागते ती शिस्त, हिशेब आणि परस्परांवरचा विश्वास. अर्थात सासीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. काही गावांत तिचा मक्ता व्यापाऱ्यालाच विकला जातो, काही ठिकाणी ती नुसती नावाला उरली आहे. पण वेळापत्रक पाळण्याची कुवत कुणात आहे, गावात की सरकारात, असा प्रश्न आला तर सासी पाळणाऱ्या गावाचे पारडे जड आहे.

एक उद्योग मात्र या बेटांवर वेळापत्रकाने चालतो, तो म्हणजे खाण. निकेलची माती भरलेल्या बार्ज ठरल्या दिवशी लागतात आणि ठरल्या दिवशी सुटतात. इंडोनेशियन कायद्याच्या लेखी दोन हजार चौरस किलोमीटरपर्यंतचे बेट ‘लहान’ ठरते आणि तिथे निसर्गाला वा समाजाला हानी पोहोचवणारे खाणकाम वर्ज्य आहे. वावोनी बेटावर निकेल काढणाऱ्या कंपनीने या तरतुदीला आव्हान दिले तेव्हा घटना न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तिची याचिका फेटाळली. असे असूनही पापुआच्या पश्चिमेकडील राजा अंपात या द्वीपसमूहातील गाग बेटावर खाण चालू आहे, आणि जून २०२५ मध्ये त्या भागातील पाच परवान्यांपैकी चार रद्द झाले तरी गागचा शिल्लक राहिला. तिथे मंत्री पोहोचले तेव्हा काही रहिवाशांनीच खाण बंद करू नका असे सांगितले. पर्यावरणवाद्यांना ते खटकले. मला ते स्वाभाविक वाटते. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही तिथली एकमेव नेमाने येणारी गोष्ट असेल, तर माणूस ती हातची सोडणार नाही. खाणीला विरोध करायचा असेल तर खाणीइतकीच नेमाने येणारी बोट आणि मासळीचे गिऱ्हाईक आधी उभे करावे लागेल. नुसत्या प्रवाळाच्या छायाचित्रांनी कुणाचे पोट भरत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दीड-दोन हजार वस्तीच्या गावासाठी नियमित बोट, दवाखाना, माध्यमिक शाळा चालवायची तर माणशी खर्च शहराच्या कितीतरी पट येतो; मग तोच पैसा अंबॉनमध्ये वसतिगृहे आणि रोजगार उभारण्यात का घालू नये? मुले तशीही बाहेर पडतातच. याला सरकारी उत्तर राष्ट्राच्या सीमेचे असते. १९५७ च्या ज्वांदा घोषणेपासून इंडोनेशियाने बेटांमधला समुद्र आपलाच असल्याचे मांडले आणि १९८२ च्या सागरी करारात जगाने ते मान्य केले. आणि २००२ मध्ये सिपादान आणि लिगितान ही बेटे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मलेशियाला दिली ती तिथे प्रत्यक्ष कारभार कुणी केला हे पाहूनच. ज्या राज्याने बेटांच्या बळावर समुद्र मागितला, त्याने बेटांवरच्या वस्तीचा खर्च महाग म्हणून नाकारणे विसंगत आहे, एवढा मुद्दा त्यातून मी घेतो. त्याहून पुढे जाऊन माणसांना सीमेचे खांब समजू नये.

खर्चाच्या हिशेबातच एक बाजू सुटलेली असते. बुरशी आलेले जायफळ, बर्फाअभावी खारवलेला ट्यूना, रिकामे परतणारे अनुदानित जहाज आणि अंबॉनला उशिरा पोहोचलेली बाळंतीण, हाही खर्चच आहे. तो सरकारच्या वहीत न दिसता घराघरात विखुरलेला असतो एवढेच. आणि बोट नियमित झाली तर तरुण आणखी वेगाने निघून जातील, हे म्हणणे खरे असेलही. जाऊ द्यावे. आज जो जातो तो परत येण्याचा हिशेब करू शकत नाही, म्हणून कायमचा जातो. येणेजाणे सोपे असेल तर नैराच्या शाळेत शिकवणारी रूनची मुलगी आठवड्याच्या शेवटी घरी जाऊ शकेल, अंबॉनला बर्फाच्या कारखान्यात काम शिकलेला मुलगा तोडणीच्या दिवसांत बागेत उतरेल, आणि म्हातारी माणसे औषधासाठी कुणाच्या तरी बोटीची वाट पाहत बसणार नाहीत. त्यासाठी जाकार्ताला नवी घोषणा करण्याची गरज नाही. रून ते नैरा या छोट्या फेरीचा खर्च गावनिधीतून कायमस्वरूपी करू द्यावा, ती पेलनीच्या जहाजाशी जुळवून घ्यावी, आणि मासोहीच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून काही ठरलेल्या दिवशी, शांत मोसमात, स्वतः बोटीत बसून बेटांवर कचेरी भरवावी. रूनच्या बाईने करायचे ते तीन समुद्रप्रवास निदान तेवढे दिवस साहेबांनी करावेत.